सर्च एपीआयची लिमिट लागली? कुठली लागली ते आधी पाहा

गिटहबवर मराठीशी संबंधित जेवढे खुले प्रकल्प आहेत त्यांची यादी करायची, असं एखाद्या विद्यार्थ्याने ठरवलं की काम अर्ध्या तासाचं वाटतं. सर्च एपीआयला शब्द द्यायचा, एकामागून एक पानं मागायची, येईल ते फाइलमध्ये साठवायचं. पायथनच्या वीस-पंचवीस ओळी. पहिली काही पानं भराभर येतात आणि मग उत्तर येतं ४०३. इथे बहुतेक जण एकच उपाय करतात. दोन रिक्वेस्टच्या मधे स्लीप घालतात, नाही भागलं तर स्लीप वाढवतात. कधी काम होतं, कधी होत नाही, आणि दोन्ही वेळा कारण कळत नाही.

कारण कळत नाही, कारण लिमिट एक नाही. गिटहबच्या सर्चवर तीन वेगळ्या मर्यादा आहेत. एक, मिनिटाला किती रिक्वेस्ट करता येतील. दुसरी, तुमच्या रिक्वेस्टचा सर्व्हरवर किती ताण पडतो. तिसरी, एका शोधाचे एकूण किती निकाल हाती येतील. पहिल्या दोन थांबलं की सुटतात. तिसरी तुम्ही दिवसभर थांबलात तरी सुटत नाही. स्लीपचे सेकंद वाढवत बसलेला माणूस बऱ्याचदा तिसरीपाशी अडलेला असतो. म्हणून कोड बदलण्याआधी आपण नेमके कुठे अडलो आहोत ते ओळखायचं.

सुरुवात टोकनपासून करा. टोकन न देता सर्च वापरलात तर मिनिटाला १० रिक्वेस्ट मिळतात, टोकन दिलंत तर ३०. फाइलींच्या आतला कोड शोधायचा असेल तर टोकन सक्तीचं आहे आणि तिथे मिनिटाला १० एवढीच मुभा. सर्च सोडून बाकीच्या एपीआयचा हिशेब वेगळा ठेवला जातो: टोकनशिवाय तासाला ६०, टोकनसह तासाला ५०००. टोकन नसेल तर मोजणी आयपी पत्त्यावर होते, हे लक्षात ठेवा. कॉलेजच्या लॅबमधले किंवा ऑफिसमधले सगळे संगणक बहुतेकदा एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कुणाच्या स्क्रिप्टने तुमचा वाटा संपवलेला असू शकतो, आणि तुम्ही मात्र स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

सार्वजनिक माहिती शोधण्यासाठी टोकनला जादा अधिकार लागत नाहीत. फक्त सार्वजनिक रिपॉझिटरी वाचता येतील एवढंच टोकन काढा आणि ते कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. सार्वजनिक रिपॉझिटरीत चुकून गेलेलं आपलं टोकन गिटहब शोधून काढतं आणि रद्द करतं. ते चांगलंच आहे, पण रात्रभर चालायची स्क्रिप्ट त्यामुळे मध्येच बंद पडली की सकाळी चिडचिड होते. एकाच खात्यावर दोन-तीन टोकनं काढून मुभा वाढवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. मोजणी वापरकर्त्याच्या नावावर होते, टोकनाच्या नाही.

आता ४०३ कडे. गिटहब लिमिट लागल्यावर ४०३ किंवा ४२९ यांपैकी काहीही पाठवू शकतं. ४२९ हा कोड २०१२ साली आरएफसी ६५८५ मध्ये खास याच कामासाठी ठरवला गेला, पण ४०३ अजून येतो आणि घोळ तिथेच होतो, कारण परवानगी नसली तरीही ४०३ च येतो. म्हणून नुसता कोड बघून निर्णय घ्यायचा नाही, उत्तराचे हेडर वाचायचे. एक्स-रेटलिमिट-लिमिट एकूण मुभा सांगतो, रिमेनिंग उरलेली आणि रिसेट पुन्हा कधी भरेल ती वेळ. रिसोर्स नावाचा एक हेडर असतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. तुमची रिक्वेस्ट कुठल्या खात्यात मोजली गेली, साध्या सर्चच्या, कोड सर्चच्या की बाकीच्या एपीआयच्या, हे तो सांगतो. ‘पाच हजारांतले चार हजार शिल्लक आहेत, तरी अडवतात’ अशी तक्रार असते तेव्हा माणूस भलत्याच खात्यातली शिल्लक बघत असतो.

रिसेटमधली वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, युटीसीप्रमाणे. ती भारतीय वेळेत बदलून मग वजाबाकी करायला गेलात तर साडेपाच तासांचा घोटाळा व्हायची शक्यता आहे. सेकंदांतून सेकंदच वजा करा. त्यातही आपल्या मशिनचं घड्याळ मागेपुढे असू शकतं. प्रत्येक उत्तरासोबत डेट हा हेडर येतो, त्यातली सर्व्हरची वेळ आधाराला घ्या आणि वर एखाद-दोन सेकंद जास्त थांबा.

आणखी एक सोय आहे. रेट-लिमिट नावाचा एक एंडपॉइंट सगळ्या खात्यांची शिल्लक एका उत्तरात दाखवतो आणि त्याला केलेली रिक्वेस्ट या मुख्य मुभेतून कापली जात नाही. गिटहबचं कमांड लाइन साधन, म्हणजे जीएच, बसवलेलं असेल तर टर्मिनलमधूनच एका ओळीत हे बघता येतं. मोठी स्क्रिप्ट सुरू करण्याआधी एकदा बघायची सवय ठेवा. पण प्रत्येक रिक्वेस्टआधी त्याला विचारत बसू नका. तीच माहिती आधीच्या उत्तराच्या हेडरमध्ये आलेली असते.

रिमेनिंग शून्य नाही, तरीही अडवलं, असं झालं तर ती दुसरी मर्यादा. गिटहब तिला दुय्यम रेट लिमिट म्हणतं. एका वेळी १०० हून जास्त रिक्वेस्ट चालू असणं, मिनिटाभरात सर्व्हरचा फार वेळ खाणं अशा गोष्टींवर ती लागते, आणि तिची शिल्लक कुठेही दाखवली जात नाही. कुठल्याही कारणाने अडवलं तरी उत्तरात रिट्राय-आफ्टर हा हेडर असेल तर त्यात सांगितलेले सेकंद मुकाट्याने थांबा. तो नसेल आणि रिमेनिंग शून्य असेल तर रिसेटपर्यंत थांबा. दोन्ही नसेल तर निदान एक मिनिट, आणि तरीही अडवलं तर दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जा. पाच-सहा प्रयत्नांनंतर हार मानून चूक नोंदवा आणि बाहेर पडा. अडवलेलं असतानाही रिक्वेस्ट मारत राहिलात तर तुमच्या प्रोग्रॅमवर बंदी येऊ शकते, असं गिटहबने आपल्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे.

काळ दुप्पट करण्याची युक्ती जुनी आहे, इथरनेटच्या तारेवर दोन संगणकांचे संदेश आपटले की तेही असंच करत. पण नुसतं दुप्पट करणं पुरत नाही. तुमच्या दहा स्क्रिप्ट एकाच क्षणी अडल्या असतील आणि दहाही बरोबर ६० सेकंद थांबल्या, तर एकसष्टाव्या सेकंदाला दहाही एकदम येतील. रेल्वेचं फाटक उघडल्यावर दोन्ही बाजूंची वाहनं जशी एकदम घुसतात आणि रुळांवरच कोंडी होते, तसंच. त्यासाठी थांबण्याच्या काळात थोडे यादृच्छिक सेकंद मिसळायचे, ज्याला जिटर म्हणतात. क्रॉनवर लावलेली कामंही बरोबर तासाच्या ठोक्याला सुरू करू नका. जगातली निम्मी क्रॉन तेव्हाच सुटत असावीत.

हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा तयार गोष्ट वापरलेली बरी, असं माझं मत आहे. जावास्क्रिप्टमध्ये ऑक्टोकिटचा थ्रॉटलिंग प्लगइन दोन्ही मर्यादा सांभाळतो. स्वतः लिहायचंच असेल तर अडल्यावर थांबण्यापेक्षा अडूच नये अशा गतीने चालणं सोपं पडतं: मिनिटाला ३० म्हणजे दोन सेकंदांना एक, कोड सर्चला सहा सेकंदांना एक, आणि एका वेळी एकच. समांतर धागे चालवून सर्चमध्ये काहीही मिळत नाही, कारण मुभा तेवढीच राहते आणि दुय्यम लिमिट मात्र जवळ येते. काम अनेक मशिनवर वाटलेलं असेल तर मोजणी प्रत्येकाने आपापली न ठेवता रेडिससारख्या एकाच ठिकाणी ठेवा, किंवा सगळ्या रिक्वेस्ट एका रांगेतून सोडा.

आता ती तिसरी, न सुटणारी मर्यादा. गिटहबचा कुठलाही शोध जास्तीत जास्त १००० निकाल देतो. उत्तरात एकूण संख्या १८,००० दिसत असली तरी हजारानंतरचं पान मागितलंत की ४२२ येतो, आणि सोबत पहिले १००० निकालच मिळतील असा संदेश. या ४२२ वर रिट्राय करणं निरर्थक आहे. कित्येक स्क्रिप्ट तो कोड ओळखत नाहीत, चुकून ‘लिमिट लागली’ समजून थांबतात, पुन्हा मागतात, पुन्हा थांबतात. तुमच्या कोडमध्ये पहिल्यांदा ही वाट बंद करा: ४०१ आणि ४२२ वर लगेच थांबा, ४०३ आणि ४२९ वर हेडर वाचा, ५०० च्या पुढचे कोड असतील तर थोड्या वेळाने पुन्हा मागा.

हजाराच्या वर निकाल हवे असतील तर शोधाचेच तुकडे करावे लागतात. सर्चमध्ये क्रिएटेड या अटीने रिपॉझिटरी कधी तयार झाली त्या तारखांची कक्षा देता येते. आधी पूर्ण वर्ष मागा. एकूण संख्या हजाराच्या आत असेल तर पानं उतरवून घ्या, नसेल तर वर्षाचे दोन भाग करा आणि प्रत्येक भागाला तोच प्रश्न विचारा. असं करत गेलं की गर्दीच्या काळाचे तुकडे आपोआप बारीक होतात आणि ओसाड काळाचे मोठे राहतात. दर महिन्याचा ठराविक तुकडा करण्यापेक्षा हे कितीतरी कमी रिक्वेस्टमध्ये होतं.

तुकडे तारखेनेच का, स्टारने का नाहीत? स्टारची कक्षाही देता येते आणि अनेक जण तीच देतात. पण स्टार बदलतात. तुम्ही ० ते १० चा तुकडा उतरवून ११ ते ५० कडे वळेपर्यंत एखादी रिपॉझिटरी सीमा ओलांडून दोन्हीकडे येते किंवा उलट सरकून दोन्हीकडून निसटते. तयार झाल्याची तारीख बदलत नाही. तुकडे करायला नेहमी न बदलणारी गोष्ट निवडा. क्रमाचंही तसंच आहे. शेवटच्या बदलाप्रमाणे क्रम लावून पानं उलटत गेलात तर मधल्या काळात कुणीतरी कमिट करतं, यादी एका जागेने सरकते आणि पानांच्या सांध्यावरचा एक निकाल हरवतो किंवा दोनदा येतो. दोनदा आलेले काढून टाकणं सोपं आहे. ते रिपॉझिटरीच्या नावावरून न करता आयडीवरून करा, कारण नाव बदलतं, मालक बदलतो, आयडी तोच राहतो. तारखांच्या कक्षेत दोन्ही टोकं धरली जातात, त्यामुळे सीमेवर थोडी पुनरावृत्ती होणारच.

तारखेसोबत वेळ आणि भारतीय वेळेचा फरक द्यायचा असेल तर एक बारीक खाच आहे. ‘+०५:३०’ मधलं अधिकचं चिन्ह यूआरएलमध्ये जसंच्या तसं गेलं तर त्याचा अर्थ मोकळी जागा असा होतो आणि क्वेरी मोडते. देवनागरी शब्द शोधतानाही अक्षरं एन्कोड व्हावी लागतात. यूआरएल हाताने जोडू नका, लायब्ररीला पॅरामीटर म्हणून द्या, ती दोन्ही सांभाळून घेते.

या पद्धतीत एक उधळपट्टी फार दिसते. तुकड्यात किती निकाल आहेत हे बघायला एक रिक्वेस्ट आणि मग निकाल आणायला पुन्हा पहिल्या पानाची दुसरी. एकूण संख्या प्रत्येक पानासोबत येतच असते. पहिली रिक्वेस्ट थेट पानाला १०० निकाल अशी करा, संख्या हजाराच्या आत असेल तर ते पान ठेवून पुढे जा. पानाला १०० ही कमाल आहे, न सांगितल्यास ३० च मिळतात. हजार निकालांसाठी ३० च्या हिशेबाने ३४ रिक्वेस्ट लागतात, १०० च्या हिशेबाने १०. एका पॅरामीटरने काम तिप्पट वेगाने होत असताना लोक समांतर धाग्यांच्या मागे का लागतात, हे मला कळलेलं नाही.

उत्तरातल्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. इनकम्प्लीट-रिझल्ट्स असं एक फील्ड असतं. शोधाला फार वेळ लागला तर गिटहब तो मध्येच थांबवतं, तोवर सापडलेलं पाठवतं आणि हे फील्ड ट्रू करतं. कोड २०० च असतो, त्यामुळे स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटतं. तसं आलं की क्वेरी आणखी अरुंद करा किंवा थोड्या वेळाने पुन्हा विचारा. संशोधनासाठी माहिती गोळा करत असाल तर ते फील्ड नोंदवून ठेवणं भागच आहे, नाहीतर तुमच्या तक्त्यातली घट ही वास्तवातली की सर्व्हरच्या थकव्यातली, हे नंतर सांगता येणार नाही.

एवढं झालं तरी खरी बचत होते ती न विचारण्यातून. सर्चच्या उत्तरात प्रत्येक रिपॉझिटरीचं वर्णन, स्टार, मुख्य भाषा, परवाना, टॉपिक हे सगळं आलेलं असतं. ते न बघता प्रत्येक नावासाठी वेगळी रिक्वेस्ट करणारा कोड मी इतक्यांदा बघितला आहे, की तपासायला पहिल्यांदा तिथेच जातो. वर्णनापलीकडचं काही हवं असेल, उदाहरणार्थ प्रत्येकाची रीडमी फाइल, तर ग्राफक्यूएलमधून शोध आणि रीडमी एकाच प्रश्नात मागता येतात. तिथे हिशेब रिक्वेस्टचा नसून तासाला ५००० गुणांचा असतो आणि प्रश्नाला किती गुण पडले ते उत्तरातच मागता येतं. हजार निकालांची अट मात्र तिथेही सुटत नाही.

आलेलं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं डिस्कवर ठेवा, एस्क्यूलाइट पुरे आहे. क्वेरी आणि पान यांची जोडी ही किल्ली. स्क्रिप्ट मध्ये पडली तर जिथे थांबली तिथून पुढे जाते, आणि माहिती वाचणाऱ्या कोडमधली चूक सुधारताना पुन्हा पुन्हा गिटहबकडे जावं लागत नाही. हीच यादी दर आठवड्याला ताजी करायची असेल तर पूर्ण शोध पुन्हा चालवू नका. एकेका रिपॉझिटरीचं आधीचं ईटॅग पाठवून विचारा. काही बदललं नसेल तर ३०४ येतो, आणि टोकनसह विचारलं असेल तर तो मुख्य मुभेत मोजला जात नाही.

कोड सर्चबद्दल माझं मत जरा कठोर आहे. मिनिटाला १० रिक्वेस्ट, फक्त मुख्य शाखा, ३८४ केबीपेक्षा लहान फाइली, वर हजाराची अट. इतक्या बंधनांत मोठा अभ्यास बसवणं म्हणजे उगाच ओढाताण. कुठल्या रिपॉझिटरी बघायच्या हे एकदा ठरलं की त्या उथळ क्लोनने उतरवून घ्या, फक्त शेवटचा कमिट. क्लोन रेस्ट एपीआयच्या मुभेत मोजला जात नाही. मग आपल्याच मशिनवर रिपग्रेपने हवं तेवढं शोधा. गेल्या काही वर्षांतल्या हालचालींचा अभ्यास करायचा असेल तर जीएच आर्काइव्ह आहे. गिटहबवरच्या सार्वजनिक घडामोडी २०११ पासून तिथे तासातासाच्या फाइलींत साठवलेल्या आहेत आणि बिगक्वेरीवरही त्या विचारता येतात.

वेबसाइटवर शोधाची चौकट देणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. वापरकर्ता अक्षर टाइप करेल तसा शोध पाठवला तर ‘महाराष्ट्र’ लिहीपर्यंत दहा रिक्वेस्ट उडतात. देवनागरीत तर काना, मात्रा, हलंत या प्रत्येकाला कीबोर्डवरची घटना होते. टाइप करणं थांबल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी एकदाच पाठवा आणि दोनपेक्षा कमी अक्षरांना काही विचारूच नका. काही सेवांना हेही चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर पत्ते शोधून देणारी नॉमिनॅटिम ही सेवा सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला कमाल एक रिक्वेस्ट देते आणि टाइप करता करता सुचवण्यासाठी ती वापरायला मनाई आहे. जिल्ह्यातल्या गावांची यादी अक्षांश-रेखांशात बदलायची असेल तर एका सेकंदाला एक या गतीने, उत्तरं साठवून, आणि यूजर-एजंटमध्ये आपला प्रोग्रॅम ओळखता येईल असं नाव देऊन करा. लाखो पत्ते असतील तर नॉमिनॅटिम आपल्याच सर्व्हरवर बसवा. त्याचा कोड खुला आहे.

दोन वाटा मात्र धरू नका. मित्रांची टोकनं गोळा करून आळीपाळीने वापरणं गिटहबच्या अटींत नाव घेऊन मना केलेलं आहे. एका माणसाला एकापेक्षा जास्त मोफत खाती काढायचीही परवानगी नाही. प्रॉक्सी बदलत राहणं याच प्रकारातलं. पकडले गेलात तर फक्त स्क्रिप्ट बंद होत नाही, खातं जातं, आणि त्या खात्यावर तुमचं पाच वर्षांचं काम असतं.

शोध-एपीआय थोडं आणि नेमकं शोधायला आहे, सगळं उचलून न्यायला नाही. बऱ्याच सेवा घाऊक माहिती वेगळ्या दाराने देतातच. मराठी विकिपीडियावरचे पाच लेख हवे असतील तर तिथला शोध वापरा. सगळेच हवे असतील तर विकिमीडियाच्या डंपच्या संकेतस्थळावरून त्याची संपूर्ण प्रत उतरवून घ्या. ती फुकट आहे आणि त्यासाठी एकही शोध करावा लागत नाही.